काम झाल्याची सही

घाटकोपरच्या डोंगराला चिकटलेल्या त्या वस्तीत साठेक झोपड्या होत्या आणि सातवीपर्यंत शिकलेली बाई एकच, जानकी. नवरा गुणाजी गिरणीत होता तोवर या शिक्षणाचा तिला काही उपयोग झाला नव्हता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली, गुणाजी एका सोसायटीत वॉचमन झाला. पुढच्या वर्षी पालिकेचा माणूस वस्तीत येऊन सांगून गेला की आता दर झोपडीने महिन्याला सेवाशुल्क भरायचं. त्याच्या बदल्यात नळ, गटार, संडास मिळेल आणि ते सगळं नीट राखलंही जाईल. दिवसभर कामावर असलेली माणसं ऑफिसात कधी जाणार? म्हणून सगळ्यांनी जानकीकडे पैसे द्यायचे आणि तिने ते नेऊन भरायचे, असं ठरलं.

जानकीला ते काम आवडलं. ऑफिसात जाताना ती ठेवणीतलं पातळ नेसायची. नळ आला तेव्हा बायकांनी तिच्या हातून नारळ फोडून घेतला. मग आठ खोल्यांचा संडासही झाला, चार बायकांच्या, चार पुरुषांच्या.

पंच्याऐंशीच्या सुरुवातीला बायकांच्या बाजूची जमीन खचली. मागच्या मैल्याच्या टाकीवरची लादी तडकली होती आणि तडा आत, खोल्यांखाली सरकत होता. जानकीने अर्ज लिहिला, पन्नास सह्या घेतल्या. ओव्हरसियर आला, नाकाला रुमाल लावून दोन मिनिटं उभा राहिला, "करतो" म्हणाला आणि गेला. नंतर कोणी फिरकलं नाही. चारातल्या दोन खोल्या वस्तीनेच फळ्या ठोकून बंद केल्या. जानकीने परत अर्ज दिला. दीड वर्षात सहा अर्ज झाले. दर वेळी खिडकीतला क्लार्क शिक्का मारायचा आणि म्हणायचा, "वर पाठवतो, बाई."

शेजारच्या प्रेमाची सासू, वनमाला मावशी, सत्तरीची होती. पहाटेच्या रांगेत ती भिंतीला टेकून बसायची. "माका उभी रवाक जमना नाय गो," म्हणायची. "जानकी, तुझ्या अर्जाचा काय झाला?"

"होईल मावशी. वर गेलाय."

शहाऐंशीच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी तिसऱ्या खोलीची जमीन मावशीसकट आत गेली. पुरुषांनी दोर टाकून तिला वर काढलं. कमरेचं हाड मोडलं होतं, टाकीतलं पाणी छातीत गेलं होतं. अकराव्या दिवशी ती हॉस्पिटलातच वारली.

तेरावं झाल्यावर प्रेमा जानकीच्या दारात येऊन उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"या महिन्याचं शुल्क भरायचं नाही, जानकी. कोणीच भरायचं नाही. आधी त्यांनी सांगायचं, आमच्या पैशाचं काय केलं."

"नाही भरायचं," जानकी म्हणाली. "आणि विचारायला आपण सगळ्यांनी जायचं."

सोमवारी सत्तर-ऐंशी माणसं ऑफिसावर गेली. बायकाच जास्त. बऱ्याच जणींनी त्या दिवसाची कामं सोडली होती. मोठ्या साहेबांनी पाच जणांना आत बोलावलं. जानकी, प्रेमा, वस्तीच्या वरच्या टोकाला राहणारा दादू आणि आणखी दोघी. साहेब ओरडला नाही. त्याने पंखा वाढवायला सांगितला, पाणी मागवलं.

"झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण तुम्ही म्हणता आम्ही काम केलं नाही. फाईल बघू या ना."

फाईल आली. जानकीने आपले सहाही अर्ज ओळखले. पहिला सोडून प्रत्येकावर लाल शाईत एकच शेरा होता : 'काम पूर्ण झालेले आहे. दप्तरी दाखल.'

"कुठलं काम?" प्रेमा म्हणाली. "कधी झालं?"

साहेबाने पानं उलटली. लादी नव्याने टाकली, आतली जमीन दुरुस्त केली, दरवाजे बदलले, फेब्रुवारी पंच्याऐंशी. कंत्राटदाराची सही. ओव्हरसियरची सही. आणि त्याखाली, 'काम समाधानकारक झाले', रहिवाशांच्या वतीने.

"या जानकीबाई कोण?"

जानकी कागदावर वाकली. सही तिचीच होती. शाळेत मास्तरांनी गिरवून घेतलेला लांब शेपटीचा 'ज' दुसऱ्या कोणाचा असणार? तिला तो दिवस आठवला. शुल्क भरायला ती खिडकीशी उभी होती, मागे मोठी रांग होती. क्लार्कने पावती दिली आणि एक कागद पुढे सरकवला. "इथे पण करा बाई, रजिस्टरसाठी." वरचा भाग त्याच्या तळहाताखाली होता. तिने सही केली आणि बस पकडायला धावली.

"हे मला वाचू दिलं नाही," ती म्हणाली. "साहेब, काम झालंच नाही. माणूस पाठवून बघा. आमची म्हातारी मेली त्यात."

"सही तुमची आहे की नाही?"

"आहे."

"मग मी काय करू?" साहेबाने फाईल मिटली. "आणि शुल्क थकवलं तर नळ तोडावा लागेल. ते माझ्या हातात नाही."

पाचही जण जिना उतरले. खाली आल्यावर दादू जानकीकडे वळला. "किती घेतलेस गं?"

"दादू, देवाशप्पथ..."

"वाट लावलीस सगळ्यांची."

जानकीने प्रेमाकडे पाहिलं. प्रेमा तिच्याकडे बघत नव्हती. "वाचायला येतं म्हणून तुला पाठवत होतो ना आम्ही?" ती एवढंच म्हणाली आणि बायकांच्या घोळक्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी गुणाजी ड्युटी बुडवून जानकीबरोबर पोलीस चौकीत गेला. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. "सही खोटी आहे का?" "नाही." "जबरदस्तीने घेतली?" "नाही." "मग तक्रार कशाची लिहू?" तिथून दोघं ऑफिसात गेली, तर शुल्काच्या खिडकीत तो क्लार्क नव्हता. त्याची बदली झाली, कुठे ते माहीत नाही, असं सांगण्यात आलं.

आठवड्याभरात नळाची नोटीस आली. जो तो गुपचूप आपले पैसे घेऊन दादूकडे जाऊ लागला आणि दादू ते ऑफिसात भरू लागला. शेवटी गुणाजीही देऊन आला. "पाणी तर पाहिजे ना," तो म्हणाला. बायकांची आता एकच खोली उरली होती. रांगेत ती आली की बोलणं थांबायचं.

दिवाळीआधी तिने एक अर्ज लिहिला. तिची सही कशी घेतली, काम कसं झालंच नाही, वनमाला मावशी कशी गेली, सगळं दोन पानांत. पेन घेऊन ती दारोदार फिरली. लोक बघायचे आणि हात मागे घ्यायचे. "नको बाई, कागदाला हात लावायचा नाही आता." कोणी दारच लावून घेतलं.

शेवटी ती प्रेमाकडे गेली. प्रेमा भाकऱ्या थापत होती. तिने हात धुतले, अर्ज घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. फार वेळ लागला. सासूचं नाव आलं तिथे बोट थांबलं, मग पुढे सरकलं.

"सगळं खरं आहे," ती म्हणाली.

"मग कर ना सही. तुझी एक असली तरी..."

"खरं आहे गं. पण मी नाही करणार." तिने कागद परत दिला. "तू वाईट नाहीस, मला कळतं. पण तुझं तोंड बघितलं की मला त्या दोराने वर काढलेली म्हातारी दिसते. येत जाऊ नकोस."

जानकीने अर्जाखाली आपली एकटीची सही केली आणि ऑफिस गाठलं. खिडकीत नवा क्लार्क होता, तरुण, सभ्य. त्याने दोन्ही पानं चाळली.

"बाकीच्या सह्या?"

"मी एकटीच आहे."

"सार्वजनिक संडास आहे ना? मग रहिवाशांचा अर्ज पाहिजे. एकटीचा नाही चालत, बाई."

"घेऊन तर ठेवा. नुसता शिक्का मारा."

त्याने शिक्का मारला नाही. कागदांची घडी करून त्याने ती खिडकीतून बाहेर सरकवली आणि तिच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.