जळगावहून निघालेलं विमान

जळगावहून विमान सुटलं की पंचवीस मिनिटांत धुळ्यावर येई. सरळ रेषेत पंचावन्न मैल; एसटीला त्यालाच तीन तास लागत. धुळ्याच्या धावपट्टीचा राखणदार पितांबर, त्याला विमानातलं एवढंच कळे, पण पक्कं कळे. जळगावहून फोन आला की पंधरा मिनिटांनी कपाशीच्या वाळक्या काड्या, पळाट्या, पेटवायच्या, वर ओला पाला टाकायचा. त्या धुरावरून वैमानिकाला पट्टी सापडे, वाराही कळे.

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात तीनला फोन आला, "निघतंय." पितांबरने धूर केला. विमान काही येईना. पाऊण तासाने पळाट्या विझल्या, पितांबर कंटाळला आणि आता कसलं येतंय म्हणून खुशाल घरी जेवायला गेला. चार वाजून पाच मिनिटांनी, धुळीच्या वादळात, विमान पट्टी शोधत घिरट्या घालू लागलं आणि शेवटी डोंगरात कोसळलं. वैमानिक गेला, कापसाचे व्यापारी भिकमचंदही गेले. चौकशीत पितांबरने छातीठोकपणे सांगितलं, धूर शेवटपर्यंत होता. साहेबांनी लिहून घेतलं. नोकरी वाचली.

तेव्हापासून रोज चार वाजून पाच मिनिटांनी त्याच्या डोक्यावर इंजिन घरघरू लागलं. आभाळ मात्र लख्ख रिकामं. त्याने कानात बोळे घातले, नारळ फोडले, भगताला दाखवलं. विमानाचा एक दिवस खाडा होईना.

आणि एका दुपारी पट्टीवर एक बाई आली.

"मी चंदनबाई. भिकमचंदांची बायको."

पितांबरची पाचावर धारण बसली.

"पितांबरभाऊ, जळगावात रोज तीन-चाळीसला आमच्या छतावरून विमान जातं. घरात दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. ते कुठं जातं, बघायला आले."

तीन-चाळीस आणि वर पंचवीस मिनिटं; हिशेब त्याला करावाही लागला नाही.

"त्या दिवशी अशुभ काळ चौघडिया होता," ती म्हणाली. "तो सरेपर्यंत निघू नका म्हणून मीच हट्ट धरला. चाळीस मिनिटं विमान थांबवायला लावलं. वेळेवर गेले असते तर वादळाआधी उतरले असते. सासूबाई माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. खरं सांगा, धूर होता ना?"

होता म्हटलं असतं की संपलं. बाई सगळं पाप आपल्या पदरात घेऊन मुकाट एसटीत बसली असती. पितांबरला स्वतःचीच किळस आली.

"नव्हता, अक्का. मी जेवाले घर चालना गयतू. साहेबले मी खोटं सांगं."

तेवढ्यात आवाज आला. दोघांनी एकदमच वर पाहिलं. रिकाम्या आभाळात तो गोल गोल फिरत राहिला.

चंदनबाई रडली नाही, ओरडलीही नाही.

"तीन वर्षं मीच त्यांना मारलं म्हणून जगले," ती म्हणाली. "एक पोस्टकार्ड टाकायचं होतंत, भाऊ."