जास्तीचा तुकडा

मी खादाड आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, ही पोरगी रडत नाही, जेवत जन्माला आली. त्यामुळे समोर बसलेला नवरा ताटात नुसता काटा फिरवतोय, हे मला बघवेना.

फिर्मां पूर्वी असा नव्हता. तो आणि त्याचा थोरला भाऊ ओनोरे दर रविवारी आमच्या आमियां शहरातल्या बाजारात जायचे आणि घरी पोचेपर्यंत निम्मी पिशवी वाटेतच फस्त करायचे. गेल्या वसंतात ओनोरे गेला. तेव्हापासून फिर्मां औषध घ्यावं तसं चार चमचे सूप गिळतो आणि उठतो. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. मग कुठे आहे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्याच्या पट्ट्याला नवी भोकं पाडून पाडून मी थकले. नाताळ उलटल्यावर म्हटलं, "ऊठ, गाडी काढ. आपण खायला निघालोय. मरायचंच ठरवलं असशील तर निदान नीट जेवून मर."

"तूच चालव," तो म्हणाला.

मग मीच चालवली. काय काय दाखवलं त्याला. दिजोंच्या बाजारात सणाचे सोललेले कोंबडे मानेभोवती तेवढा पिसांचा गळपट्टा ठेवून ओळीनं मांडलेले होते. पुढे चीजची चाकं, एकेक आमच्या गाडीच्या चाकाएवढं. दुकानवाल्या बाईंनी त्यातलं एक कापलं आणि थंडीच्या कडाक्यात उन्हाळ्यातल्या कुरणाचा वास आला. मी भर गर्दीत डोळे मिटून उभी राहिले. जन्मभर खात आले, तरी गाय गवत चघळते आणि त्याचं शेवटी हे असलं काही होतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. फिर्मांनं त्याचा तुकडा हुंगला आणि मला दिला. दुसऱ्या दिवशी कालवं घेतली, तीही माझ्याकडेच सरकवली. त्याच्या वाटणीचं खाऊन खाऊन माझाच घेर वाढत चालला होता, आणि मला तर एव्हाना भीतीच वाटायला लागली होती.

नाताळानंतर येणाऱ्या तीन राजांच्या सणाच्या रविवारी आम्ही ज्युराच्या डोंगरातल्या एका गावात होतो. बाजार उठत आला होता. वाटेसाठी पाव घ्यावा म्हणून बेकरीत शिरलो, तर आत लांब टेबलाभोवती गावातली म्हातारी मंडळी बसलेली आणि बेकरीवाला गिलबेर सणाची गालेत, म्हणजे बदामाचं सारण भरलेला पापुद्र्यांचा गोल केक, कापत होता.

ती गालेत मी मरेपर्यंत विसरणार नाही. भट्टीतून नुकतीच निघालेली, सोन्यासारखी. सुरी टेकली तसे वरचे पापुद्रे करकरले, आतल्या बदामाची वाफ वर आली आणि सगळं टेबल पुढे झुकलं. पीठ, लोणी, साखर, बदाम, अंडी. माझ्याही घरात हेच असतं. एवढ्यातून हे कसं होतं, कोण जाणे. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. फिर्मां खिडकीबाहेर बघत होता.

"बसा की," टेबलाच्या टोकाची युलाली आजी म्हणाली. "दारी येईल त्याच्यासाठी दरवर्षी एक तुकडा जास्तीचा कापतो आम्ही. इतक्या वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं."

"पण हे दोघं आहेत," गिलबेर ओशाळून म्हणाला.

"एकच पुरे," मी म्हटलं. "हा खात नाही."

सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं. फिर्मांनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि खुर्ची ओढून बसला.

"आता सगळ्यात लहान कोण?" आजीनं विचारलं. कुठला तुकडा कुणाला, हे सगळ्यात लहान असेल त्यानं टेबलाखाली बसून सांगायचं. गालेतच्या आत चिनीमातीची छोटी बाहुली लपवलेली असते, ती ज्याच्या तुकड्यात निघेल तो त्या दिवसाचा राजा, आणि त्यात लबाडी नको म्हणून हे. वयं निघाली. सगळी सत्तरीच्या पुढची. मी फिर्मांपेक्षा वर्षानं मोठी, हे तो लग्नापासून ऐकवत आलाय. राहिला तोच, सहासष्ट वर्षांचा.

"चल बाळा, खाली हो," आजी म्हणाली.

मला वाटलं, उठून गाडीत जाऊन बसेल. पण म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? गुडघे कडकडवत तो टेबलाखाली गेला.

गिलबेरनं सुरी एका तुकड्यावर ठेवली. "हा कुणाला?"

"मला तुमची नावं कुठे माहीत आहेत?" खालून आवाज आला.

"मग पाय बघून सांग."

टेबलाखाली तो सरपटल्याचा आवाज आला. मग, "ज्यांचे नाडे सुटलेत त्यांना." एका आजोबांनी खाली वाकून बघितलं आणि ताट पुढे केलं.

"हा?"

"मेंढीएवढे जाड मोजे घातलेत त्यांना."

"आणि हा?"

"ज्या बाईंनी बूट काढून शेजाऱ्याच्या पायावर पाय ठेवलाय त्यांना."

टेबल हसून हसून हललं. युलाली आजी लाल झाली आणि तिनं पाय मागे घेतला. मीही हसले, आणि मग एकदम रडूच यायला लागलं, कारण हा माझा जुना फिर्मां बोलत होता. तुकडे संपत गेले. ताटात एकच उरला.

"हा शेवटचा. कुणाला?"

मी माझं ताट हातात धरून बसले होते. माझे लाल बूट त्याला ओळखायला काय लागतं? सबंध प्रवासात प्रत्येक घास त्यानं मलाच दिला होता. गिलबेरनं पुन्हा विचारलं.

"मला," फिर्मां म्हणाला.

तो वर आला, कपड्यांना लागलेलं पीठ झटकलं, बसला आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. चावताना त्यानं डोळे मिटले. सांडलेले पापुद्रे बोट ओलं करून टिपले. मी नुसती बघत राहिले. तेवढ्यात कुणाच्या तरी दाताखाली बाहुली आली, मुकुट कुणाला तरी चढला, माझं तिकडे लक्ष नव्हतं.

"ओनोरेनं असे दोन खाल्ले असते," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.

"तीन," मी म्हटलं.

"हो. तीन." त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि खात राहिला. मला त्यानं घासभरसुद्धा विचारलं नाही, आणि मीही मागितलं नाही.