चौदावं रीळ आधी

मित्रांनो, मी एका पडेल पिक्चरची जुनी प्रिंट. चौदा रिळं, पत्र्याच्या पेटीत. मुक्काम भोरला, खालिदभाईंच्या माळ्यावर.

मुंबईच्या लॅबमधून निघाले तेव्हा काय चकाकत होते! पोस्टरवर आमचा हिरो ढगांतनं उडायचा, लाल झगा फडफडवत. पण आत? तेरा रिळं तो नुसता पडायचा. छपरावरनं, म्हशीवरनं, विहिरीत. उडायचा फक्त चौदाव्यात, तेही कमरेची तार दिसायची. लोक हसायचे कमी, जांभया जास्त. अर्ध्यात उठून जायचे. मला एकच वाटायचं, कुणीतरी एकदा तरी मला शेवटपर्यंत बघावं.

थेटरांतनं हाकललं, मग खालिदभाईंच्या तंबूत आले. ते जत्रांमधनं पिक्चर दाखवायचे. मला मऊ फडक्यानं पुसायचे, तुटले की हळूच जोडायचे.

सत्त्याण्णव साली वेल्ह्याच्या जत्रेत त्यांनी डोकं चालवलं. लोक उडणं बघायलाच येतात ना? मग चौदावं रीळ आधी!

लावलं. तर पुढं बसलेला गेनबा बोंबलला, "ह्यो उडतोय व्हय? ह्याच्यापरीस आमचं कोंबडं लांब जातंय!"

तंबू खदखदला. आणि उडणं बघून झालं, म्हणून माणसं उठायला लागली.

चौदावं संपून पहिलं सुरू झालं, तेव्हा मार्गासनीच्या रतनबाई आत आल्या. त्यांची एसटी चुकलेली. पाचव्या रिळाला तंबूत त्या एकट्याच उरल्या.

"मावशी, बंद करू का? कुणीच न्हाई."

"आन् म्या कोन हाय? त्यो उडल्याबिगर म्या उठायची न्हाई."

खालिदभाईंनी मशीन चालूच ठेवलं. उडणं तर होऊन गेलेलं. पण तेरावं संपल्यावर त्यांनी चौदावं परत गुंडाळलं आणि पुन्हा लावलं, एका बाईसाठी. मला सरळ, पहिल्यापासनं शेवटपर्यंत बघणारं ते एकच माणूस.

"तार दिसली बरं का," जाताना रतनबाई म्हणाल्या. "असू दे. एवढं पडल्यावर कुनीतरी धराया पायजेच की."

पुढं घरोघरी टीव्ही आले, तंबू बंद पडला. खालिदभाईंचे गुडघे गेले, त्यांना शिडी चढवत नाही. दमटपणानं माझी रिळं एकमेकांना चिकटलीत. आंबूस वास येतो. पेटी कुणी उघडत नाही.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर जुनी रिळं, कॅसेटी असतील तर त्यांना अधनंमधनं वारा द्या. आणि पिक्चर फालतू निघाला, तरी उठण्याआधी एकदा मागं वळून बघा. मशीनपाशी कुणीतरी उभं असतं.