तुलसीरामची हिरडी

तुलसीराम बिसेनच्या हिरडीवरची गाठ वाईट निघाली असती, तर त्याच्या साळ्याला, लोकेंद्रला, फुलचूरकडच्या राइस मिलमधली त्याची पंख्याखालची खुर्ची मिळणार होती. वर धान पारखण्याचा मान आणि शेतकऱ्यांचा येता-जाता रामराम. लोकेंद्र वाईट माणूस नव्हता. पण पोत्यात परखी खुपसून दाणे आपण काढायचे आणि निकाल भाऊजींच्या दाढेनं द्यायचा, हे किती हंगाम सोसायचं?

तुलसीराम दाणा उजव्या दाढेखाली घेई. कट्ट वाजला की धान वाळलेलं, मऊ दबला की ओलं. मालकानं ओल मोजायचं मशीन आणलं होतं, ते कपाटात पडून होतं.

दिवाळीच्या सुमारास त्याच दाढेजवळ वाटाण्याएवढी लाल गाठ आली. ब्रश लागला की रक्त. तुलसीरामनं मनातल्या मनात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याला दोषी धरलं, खर्रा सोडला आणि कुणाला सांगितलं नाही. तलब आली की तो धानाचे दाणे तोंडात टाकी आणि फोडत बसे. गाठ वाढतच गेली. खर्रा सोडूनही वाढते, म्हणजे आपलं संपलंच, असं त्यानं ठरवून टाकलं.

एक दिवस थुंकीतलं रक्त लोकेंद्रनं पाहिलं.

"भाऊजी, चला गोंदियाले. डॉक्टरले दाखवू."

"तुले काऊन इतकी घाई होऊन राहिली?"

खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लोकेंद्रनं बहिणीच्या कानावर घातलं. सुखवंतानं चुलीपुढूनच सुनावलं, "हे जात नसतील त मी जेवत नाही." दोन वेळा तिचं ताट तसंच राहिलं, तेव्हा तुलसीराम गेला.

दातांच्या दामिनी डॉक्टरनं फोटो काढला, हाड शाबूत असल्याचं दाखवलं. मग हिरडी बधिर करून गाठ काढली, दाढेभोवतीची घाण खरवडली आणि चिमट्यानं आतून एक पिवळं टोकदार कुसळ बाहेर ओढलं.

"काका, हे काय?"

तुलसीरामनं डोळे बारीक केले. "तूस. धानाचं."

"हेच टोचत होतं. हिरडी चिडली आणि फुगली. दिसायला साधीच गाठ आहे. पण तुकडा तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"मी त एका दाण्यात सांगतो, मॅडम."

"म्हणून तर त्या दाण्याचं तूस इथं अडकलं!"

रिपोर्ट यायचा होता तोवर खुर्चीवर लोकेंद्र बसला. पंखा लावला, पाय पसरले. पण शेतकरी येत आणि आधी विचारत, "तुलसीरामभाऊ कसे हायेत?" रामराम सगळे त्या नावाला. दुसऱ्या दिवसापासून लोकेंद्र स्टुलावर बसू लागला. संध्याकाळी बहिणीच्या दारात तुलसीरामला भिंतीकडे तोंड करून बसलेलं पाहिलं, तेव्हा खुर्चीची गोष्ट त्याच्या मनातून निघून गेली. रिपोर्ट आणायला तोच गेला आणि कागद त्यानं तिथंच डॉक्टरकडून वाचून घेतला.

"कॅन्सर नाही. चिडलेली हिरडी, बस. पण पुन्हा टोचलं तर पुन्हा येईल. धान चावणं बंद. आणि खर्रा सुटलाच आहे, तो सुटलेलाच राहू दे."

लोकेंद्रनं घरी फोनवर इतकं मोठ्यानं सांगितलं, की दवाखान्यातली माणसं हसली.

आता मशीन कपाटाबाहेर आहे आणि तुलसीराम खुर्चीवर. एखादा म्हातारा अडून बसतो, "मशीनले काय समजते? चाव ना भाऊ!" तुलसीराम दाणा त्याच्याच हातावर ठेवतो. "तूच चाव बाप्पा. मशीन काय म्हणते ते मग पाहू."

या सगळ्यात कुणी किती किंमत मोजली म्हणाल, तर तुलसीरामनं खर्रा आणि दाढेची शान दिली, सुखवंतानं दोन वेळचं जेवण. सगळ्यात जास्त भरलं लोकेंद्रनं. खुर्ची गेली ती गेलीच, वर सुखवंता गावभर सांगत फिरते, "माह्या भावासारखा जीव लावणारा माणूस नाही." त्यामुळं आता कुणाचीही दाढ दुखली की त्याला गोंदियाला घेऊन जायचं काम लोकेंद्रकडंच येतं.