बापाची पट्टी

या उद्योगातून मुनोदाला मिळवायचं होतं ते एवढंच : प्रत्येक गाण्याचा पहिला सूर. एकोणीस वर्षं तो त्याचाच होता. वादक मंडळाच्या प्रमुख चिनेंबिरीबाई त्याच्या कुळीच्या नावाने "हं, सोको!" म्हणायच्या, मुनोदाची काठी मारिंबा या वाद्याच्या लाकडी फळीवर पडायची, आणि मग बाकीच्या चार मारिंबा त्याच्यामागून निघायच्या. म्बारे वस्तीतल्या लग्नांत लोक नवरीच्या आधी आपल्याकडे बघतात, असा त्याचा पक्का समज होता.

आणि आता ही रातिझो. मेलेल्या बापाची म्बिरा भोपळ्यात बसवून घेऊन आली, दोन अंगठ्यांनी तिच्या लोखंडी पट्ट्या छेडल्या, आणि बाई म्हणाल्या, "शनिवारी सुरुवात हिची."

मुनोदाने तोंडभर हसून मान डोलावली. घरी जेवला मात्र नाही.

मंडळाच्या मारिंबांची देखभाल त्याच्याकडेच होती. मुळात त्या त्यानेच तासलेल्या, आणि त्याही रातिझोच्या बापाला शेजारी बसवून, त्याच्याच म्बिराचा सूर ऐकून. गुरुवारी सकाळी त्याने पाचही मारिंबांतली एकाच सुराची फळी सोडवली, पोटाकडून कानसली, पुन्हा बांधली. पोट तासलं की सूर उतरतो. तासलेलं लाकूड परत चिकटत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण दुपारी फजिती कोणाची होणार, एवढंच त्याने पाहिलं.

दुपारी तालीम सुरू झाली. पहिल्याच गाण्यात म्बिराचा एक सूर दातात खडा यावा तसा आला. मागून एकजण खुळखुळा थांबवून म्हणाला, "अगं बाई, तुझ्या भोपळ्यात बेडूक शिरलाय!"

सगळे हसले. मुनोदा जरा जास्तच.

"जुनी झाली बिचारी," तो म्हणाला. "घरात वाजवायला ठीक आहे."

रातिझोने तोच सूर तीनदा वाजवला, मारिंबांशी ताडून पाहिला. मग म्हणाली, "पाच जण एका बाजूला आणि मी एकटी. माझंच चुकतंय. मामा, हातोडी द्या ना."

"बापाने लावलेली पट्टी आहे ती," मुनोदाच्या तोंडून निघून गेलं.

"हो ना. ते गेल्यापासून हात नव्हता लावला."

हातोडी त्यालाच द्यावी लागली. टुक, टुक, टुक. पट्टी दाबदांडीखालून नखभर पुढे सरकली, तेवढीच लांबली, सूर उतरला, जुळला. फसवण्यात मुनोदाची अख्खी सकाळ गेली होती; तिला जुळवून घ्यायला तेवढाही वेळ लागला नाही.

"आता बरोबर ना, मामा?"

"बरोबर," मुनोदा म्हणाला.

बाई त्याच्याजवळ आल्या. त्याच्या कोपरावरचा लाकडाचा भुसा त्यांनी दोन बोटांनी झटकला आणि जागेवर जाऊन बसल्या. "हं, रातिझो!"

शनिवारी लग्नात पहिला सूर तिनेच काढला. बाईंचं काही गेलं नाही, नवरीचं नाही, मुनोदाचा पहिला सूर तसाही गेलेलाच होता. किंमत मोजली रातिझोने, आणि तिला ते कळलंही नाही. बापाने लावलेला तो जुना सूर आता ना लोखंडात उरला होता, ना लाकडात. तो फक्त मुनोदाच्या कानात होता. काठी हातात धरून तो तिच्या म्बिराकडे बघत राहिला : काळवंडलेल्या पट्ट्यांत एकीवर नखाएवढा पांढरा भाग उघडा पडला होता, आणि तिचा अंगठा दरवेळी त्याच्या अलीकडेच पडत होता.