मॅनेजरने मिटवलेलं भांडण

फर्निचरच्या कारखान्यातला मिस्त्री आणि शोरूममधली बाई यांचं एकमेकांशी बिलकुल पटत नसे. भांडणं मिटवण्याचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या मॅनेजरने दोघांना समोरासमोर बसवलं आणि ऐटीत म्हणाला, "मोकळेपणाने बोला."

"पॉलिश वाळायला वेळ लागतो. घाई करू नका, असं हे साहेबच म्हणाले होते," मिस्त्री म्हणाला.

बाई चमकली. "मला तर साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला बेधडक आठवड्याचा वायदा द्या."

दोघांनी एकदमच मॅनेजरकडे पाहिलं. अशा वेळी तोंड कुठे लपवायचं, हे काही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

"बघा, झालं की नाही एकमत?" असं म्हणत त्याने घाईघाईने बैठक आटोपली. बाहेर ते दोघं पहिल्यांदाच एकत्र हसत होते.