समाज राहतो कुटं?

चिंगीनं परजातीतला नवरा केला, तेव्हापासून भाजे गावाच्या वरच्या ठाकरवाडीनं तिच्या आईचं, सावित्राबाईचं घर वाळीत टाकलं होतं. आज भरदुपारी चिंगी माहेरी बाळंतपणात अडली आणि नवरा तिकडं पवनेच्या धरणावर खडी फोडत होता. सावित्राबाई धावत सुईणीच्या दारात गेली.

"माझं काय न्हाई गं, पण समाज हाय ना," म्हणत ठकी सुईणीनं कवाड लावून घेतलं.

शेजारीणही तेच बोलली. शेवटी सावित्राबाईनं वाडीच्या म्होरक्याचे, सावळाआबांचे पाय धरले. आबांचे डोळे भरून आले. "मी एकटा कोण, पोरी? समाजाफुडं माझं काय चालतंय?"

सावित्राबाई अंगणात उभी राहून किंचाळली, "तुमी न्हाई, ठकी न्हाई, मग ह्यो समाज राहतो तरी कुटं? दावा मला, त्याच्या पायावर डोकं फोडते!"



पोरगी सावित्राबाईच्या हातावर जन्मली. चिंगी मात्र गेली.

तिन्हीसांजेला बायका मागच्या दारानं आल्या, एकेकटी, इकडंतिकडं बघत. कुणी शेळीचं दूध आणलं, कुणी मऊ फडकं. ठकी ऊर फुटेस्तोवर रडली आणि निघताना कानाशी लागली, "मी आल्ते, ह्ये कुनाला सांगू नगंस."